चुन्याचा देव

पनवेलच्या जुन्या बंदरावर, खाडीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या डाव्या हाताला एक देवळी आहे. पांढऱ्या टाइल्सची, वर पत्र्याचं छप्पर. आत पुरुषभर उंचीचा काळा दगड उभा आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एकच गोष्ट खटकली. त्या दगडाला शेंदूर नव्हता, पायापासून डोक्यापर्यंत चुना लावलेला होता.

मी तिथे देव बघायला गेले नव्हते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला खोली मोजणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती. खाडीच्या काठाने पुराची भिंत बांधायची होती आणि त्यासाठी तळ किती खोल आहे ते हवं होतं. एका छोट्या बोटीला खालून ध्वनी सोडणारं यंत्र लावायचं, पंचवीस-पंचवीस मीटरवर या काठापासून त्या काठापर्यंत जायचं, आणि आलेले आकडे संगणकाला द्यायचे. काम सोपं होतं. आठ दिवसांत संपलं. अहवालात मी लिहिलं की खाडीच्या वळणापासून बंदरापर्यंतचा भाग गाळाने भरला आहे, उधाणाच्या भरतीलाही तिथे सरासरी नव्वद सेंटिमीटर पाणी असतं.

त्या आकड्याचं पुढे काय होणार हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. महिन्याभराने भिंतीचा नकाशा आला. भिंत अडीच मीटर उंच, सलग, बंदराच्या पायऱ्यांवरूनही सरळ गेलेली. कोळीवाड्याने पायऱ्यांसमोर फाटक मागितलं होतं. उत्तरात माझ्या अहवालाचा परिच्छेद जसाच्या तसा होता: भरलेली होडी येण्याइतकं पाणी नाही, सबब बंदर वापरात नाही, सबब फाटकाची गरज नाही.

या उत्तराची बातमी मला सांगितली कृष्णाबाईंनी. मोजणीच्या दिवसांत त्यांच्याकडे दुपारचं जेवण असायचं, म्हणून नकाशा आल्यावर मीच भेटायला गेले. त्या बंदराजवळच्या रस्त्यावर मासे विकतात. मासे येतात टेम्पोतून, कारण त्यांच्या नवऱ्याची, दादूबाबांची होडी गेली कित्येक वर्षं वळणाच्या पलीकडेच, खारफुटीत बांधलेली असते. तिथून गुडघाभर चिखलातून टोपल्या डोक्यावर आणायच्या आणि टेम्पोत चढवायच्या. त्यांनी मला दोष दिला नाही. तोंडलीची भाजी वाढताना एवढंच म्हणाल्या की भिंत झाली की नारळी पौर्णिमेचा नारळ शिडीवर चढून टाकावा लागेल.

दादूबाबा मात्र ओट्यावर जाळ्याची भोकं सांधत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आगऱ्याची पोर ना तू, कामोठ्याची," ते म्हणाले. "तुमचं मिठागरांचं काम. पानी अडवायचं तुमाला बरोबर ठावं."

माझे आजोबा खरंच मिठागरात बांध घालायचे. मग विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, की तुमच्या देवाला शेंदूर का नाही.

"चुनाच लावतात," कृष्णाबाई म्हणाल्या. "शिंपल्या जाळून केलेला. नारळी पौर्णिमेला आनि होळीला, वर्षातून दोनदा. माझी सासू लावायची, तिची सासू लावायची."

"पण का?"

"देवाला का ईचारतेस? त्याला आवडतो."

मी घरी आले आणि नेहमी जे करते ते केलं. आकडे पुन्हा उघडले.

खोली मोजताना यंत्र कधी कधी खोटं बोलतं. मासा मध्ये आला, पिशवी तरंगत आली, बोट हलली, की आलेखात एकदम एक काटा येतो. संगणकातला प्रोग्राम असे काटे आपोआप काढून टाकतो आणि उरलेल्या आकड्यांची सरासरी घेतो. मी ते त्याला करू दिलं होतं. त्या रात्री मी टाकलेल्या काट्यांची यादी मागवली. बहुतेक विखुरलेले होते. पण वळणाच्या अलीकडे खडकाचा एक पट्टा आहे, कालवं चिकटलेला, दोनशे मीटर लांब. त्याच्यावरून माझ्या नऊ फेऱ्या गेल्या होत्या, आणि नवांपैकी नऊ फेऱ्यांत एकेक काटा होता. प्रत्येक काटा खाली जाणारा. प्रत्येक ठिकाणी खोली आजूबाजूपेक्षा मीटरभर जास्त.

नऊ वेळा मासा आडवा येत नाही.

मी ते नऊ बिंदू नकाशावर ठेवले. ते एका सरळ रेषेत होते. हे मी सावधपणे लिहिते आहे, कारण खाडीत सरळ काही नसतं. पाणी वळतं, गाळ वळतो, किनारा दर पावसाळ्यात थोडा सरकतो. आणि इथे दोनशे मीटरमध्ये एकही बिंदू रेषेपासून दोन हातांपेक्षा जास्त हललेला नव्हता. मी ती रेषा पुढे वाढवली. ती बंदराच्या पायऱ्यांना लागून गेली. आणखी वाढवली. ती गावातून, बाजारावरून, एका सोळा मजली इमारतीच्या आरपार, महामार्ग ओलांडून, शेतांवरून दक्षिणेला बारा किलोमीटर गेली आणि कर्नाळ्याच्या सुळक्यावर पोहोचली. सुळक्याच्या जवळपास नाही. सुळक्यावर.

मी खुर्चीवरून उठून पाणी प्यायले. मग कागदावर पट्टी ठेवून सगळं हाताने पुन्हा काढलं, कारण प्रोग्रामवर माझा विश्वास राहिला नव्हता. तेच आलं.

एकच गोष्ट बसत नव्हती. खाडीतून सुळक्याकडे बघत होडी आणायची तर जवळ दुसरी खूण हवी. दोन खुणा एकामागे एक दिसल्या की होडी रेषेवर, एवढं सोपं गणित आहे. दुसरी खूण म्हणजे चुन्याचा दगड, हे मला कळलं होतं. शेंदूर लांबून काळपट दिसतो, चुना पाण्यावरून मैलभर दिसतो. पण देवळी माझ्या रेषेवर नव्हती. ती सात मीटर पश्चिमेला होती. रेषा ज्या जागेवरून जात होती तिथे कोळीवाड्यातल्या मुलांच्या स्कूटर उभ्या असायच्या.

दुसऱ्या दिवशी मी नकाशा घेऊन ओट्यावर गेले. दादूबाबांनी चष्मा लावला, रेषेवरून बोट फिरवलं आणि ते स्कूटरच्या जागेवर थांबलं. आतून कृष्णाबाईंनी विचारलं की काय झालं, तर म्हणाले, काही नाही, चहा ठेव.

मग त्यांनी सांगितलं ते असं. अठरा वर्षांपूर्वीपर्यंत दगड उघड्यावर, पायऱ्यांच्या तोंडाशीच उभा होता. त्याच्या पायाशी कुत्री येत, पावसात चुना वाहून जाई. सिमेंटचा रस्ता येणार असं ठरलं तेव्हा कोळीवाड्याने वर्गणी काढली. देवाला छप्पर हवं, टाइल्स हव्यात, तोंड पूर्वेला हवं असं सगळ्यांना वाटलं. जेसीबी आणला, दगड अकरा पावलं सरकवून देवळीत बसवला. पुढाकार दादूबाबांचाच होता. देवळीच्या टाइलवर त्यांचं नाव आहे.

"आणि तुमच्या वडिलांनी होडी कशी आणायची म्हणून शिकवलं होतं?" मी विचारलं.

"देव समोर ठेव आनि डोंगर त्याच्या डोक्यावर ठेव," ते म्हणाले. "येवढंच. मी तेच करत होतो. त्याच वर्षी दोनदा होडी खडकावर बसली. दुसऱ्यांदा फळी फुटली, पोरगा बुडता बुडता राहिला. सगळे बोलले खाडी भरली. मी पन बोललो."

"पण दगड हलला होता."

"मला वाटलं, देव हलला की वाट बी हलेल."

कृष्णाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मी तवाच बोललेली, त्याला नाय आवडलं. तर म्हने बायकांना काय कळतं."

दादूबाबांनी चष्मा काढून नकाशाची घडी केली.

त्याच आठवड्यात, ओहोटीला आम्ही दोघं खडकाच्या पट्ट्यावर गेलो. यंत्र मी मुद्दाम नेलं नाही. दादूबाबांनी लांब बांबू घेतला आणि होडी हळूहळू आडवी नेत तळ चाचपत गेले. ठक. ठक. ठक. मग बांबू एकदम आत गेला, दोन हात, आणि त्यांचा तोल गेला. पुढे सहा मीटर काही नाही. मग पुन्हा ठक. ते मागे फिरले आणि कडेवरून बांबू खाली घसरवला. कड गोल नव्हती. पायरीसारखी काटकोनात होती. मी बाही वर करून हात घातला. पाणी गार होतं, कालवांनी बोटं कापली, पण त्यांच्या मधल्या जागेत दगडावर मला खाचा लागल्या, तिरक्या, एकमेकींना समांतर, एकीपासून दुसरी अंगठ्याच्या रुंदीवर. छिन्नीच्या.

ही वाट नदीने केलेली नव्हती. माणसांनी खडक फोडून केलेली होती.

मला आकडे मांडल्याशिवाय काही समजत नाही, म्हणून मी तिथेच होडीत मांडले. दोनशे मीटर लांब, सहा मीटर रुंद, मीटरभर खोल. बाराशे घनमीटर दगड. तोही पाण्याखालचा. उधाणाच्या ओहोटीला तो खडक उघडा पडतो तो दिवसाला फार तर दोन तास, पंधरवड्यात चार-पाच दिवस, आणि पावसाळ्यात नाहीच. याचा अर्थ काम वर्षानुवर्षं चाललं असणार. एका पिढीने सुरू केलं आणि दुसरीने संपवलं असंही असेल. त्यांनी ते सरळ ठेवलं, कारण त्यांनी आधी डोंगर निवडला, मग दगड उभा केला, आणि मग त्या दोघांच्या रेषेत खडक कापला. आणि वाट अरुंद केल्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून जोरात जातं आणि गाळ बसू देत नाही. ती स्वतःला धुते. आमच्या नव्या भिंतीच्या आराखड्यात गाळ काढायला दर तीन वर्षांनी यंत्र आणायची तरतूद आहे.

हे कुणी केलं, केव्हा केलं, मला सापडलं नाही. पनवेलचं बंदर मोठं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. घाटावरून धान्य उतरायचं, इथून मीठ आणि सुकी मासळी वर जायची, इथल्या बैलगाडीच्या चाकांना नाव होतं, पुण्याला जाणारे लोक मुंबईहून मचव्यातून याच पायऱ्यांवर उतरायचे. हे सगळं मी शाळेत वाचलं होतं आणि मला ते खोटं नाही तरी लांबचं वाटायचं. आता माझी बोटं रक्ताळली होती. ज्यांनी हे केलं त्यांच्या खाचेत माझं बोट बसलं होतं. वरून एक विमान नव्या विमानतळाकडे उतरत गेलं, इतकं खालून की चाकं दिसली. दादूबाबांनी वर पाहिलं नाही. ते बांबूने कड पुन्हा पुन्हा चाचपत होते.

मी अहवाल दुरुस्त केला आणि माझी चूक काय होती तेही लिहिलं. भिंतीचं काम बघणाऱ्या इंजिनियर साहेबांनी तो वाचला. भला माणूस होता. मला बसायला सांगून म्हणाले की तुमची रेषा छान आहे मॅडम, पण नकाशा सहीला गेला आहे, आणि कागदावरच्या वाटेसाठी मी भिंतीत भोक पाडू शकत नाही. भरलेली होडी वळणापासून पायऱ्यांपर्यंत आणून दाखवा. एकदा. न अडकता. दिवस तुम्ही निवडा, वेळ कचेरीची.

दादूबाबांनी अमावास्या निवडली. उधाणाचं पाणी. भरती केव्हा पूर्ण होईल ते त्यांनी बोटांवर काढलं: तिथीची पाऊणपट. अमावास्येचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, समुद्रापासून इथवर पाणी पोहोचायला आणखी पाऊण तास, म्हणजे बारा. मी भरतीच्या तक्त्यावरून काढलं तर बारा वाजून नऊ मिनिटं आली. ते म्हणाले, ती नऊ मिनिटं तुझ्या घड्याळाची.

पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कचेरीची वेळ म्हणजे दिवस, आणि थंडीत, म्हणजे आता, मोठं पाणी रात्रीचं असतं, दिवसाचं लहान. पावसाळ्यात उलट. हे त्यांनी सांगितलं आणि मी तक्त्यात पाहिलं तर तसंच होतं, जवळजवळ दीड फुटाचा फरक. म्हणजे पट्ट्याच्या अलीकडे-पलीकडे मध्यावर पुरेसं पाणी असलं तरी दुपारी खडकावर नव्वद सेंटिमीटरच असणार आणि भरलेल्या होडीला एक मीटर दहा लागणार. वाटेत होडी तरंगेल. वाटेबाहेर दोन हात गेली तर बसेल, साहेबांच्या डोळ्यांसमोर, आणि मग फाटकाचा विषय कायमचा संपेल.

वाट सापडायला दोन खुणा हव्या होत्या, आणि आमच्याकडे एकही नव्हती. दगड सात मीटर बाजूला होता. सुळका दिसत नव्हता. साडेचारशे मीटर उंच असला तरी बारा किलोमीटरवरून तो क्षितिजाच्या वर जेमतेम दोन अंश दिसतो, आणि किलोमीटरभर अंतरावरची सोळा मजली इमारत त्याहून जास्त. रेषेच्या मधोमध ती उभी होती. दादूबाबांनी एकदा त्या इमारतीला शिवी दिली होती. मला तेव्हा कारण कळलं नव्हतं.

दगडाचा प्रश्न कृष्णाबाईंनी सोडवला. अमावास्येला उरलेल्या तीन दिवसांत देव हलवायचा नाही, त्याला विचारावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बर्फाचा निळा प्लॅस्टिकचा ड्रम उलटा केला, त्यावर दुसरा ठेवला, दोन्हींना चुना लावला आणि स्कूटर हटवून बरोबर मी खडूने काढलेल्या फुलीवर उभे केले.

"हा देव नाय," त्या मला म्हणाल्या. "ही त्याची सावली." मग थोडं थांबून ड्रमपुढे नारळ ठेवला. सावलीला का होईना, असं पुटपुटल्या.

इमारतीचं काम माझं होतं. मी हिशेब केला. रेषा इमारतीच्या उत्तरेकडच्या बाजूला, उजवीकडून दुसऱ्या बाल्कन्यांच्या रांगेतून आत शिरत होती. खालच्या मजल्यांवरून खाडी दिसत नव्हती, झाडं आड येत होती. मी वरून खाली एकेक बेल वाजवत आले. पंधराव्यावर कुलूप. चौदाव्यावर एक गृहस्थ म्हणाले, असल्या गोष्टी सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. बाराव्यावर कुत्रा. अकराव्यावर दार उघडलं दमयंती काकूंनी. त्या घरी जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतात. आत सात-आठ मुलं बेडकाच्या हृदयाची आकृती काढत बसली होती.

मी बाल्कनीत गेले. खाली खाडीचं पाणी, त्यावर वळण, आणि अलीकडे दोन पांढरे ठिपके, एकावर एक ठेवलेले ड्रम. माझी रेषा बरोबर होती. मी वळले आणि बोलायला तोंड उघडलं. काकूंच्या बाल्कनीचं दार उघडं होतं, मागे दिवाणखाना, मुलं, जेवणाचं टेबल, त्यामागे स्वयंपाकघराचं उघडं दार, आणि त्याच्या पलीकडे ओट्यावरची खिडकी. खिडकीच्या मधोमध, कुकर आणि मसाल्याच्या डब्याच्या वर, कर्नाळ्याचा सुळका उभा होता.

ती रेषा या घरातून जात होती. खिडकीतून येत होती, कुकरवरून, टेबलावरून, त्या मुलांच्या डोक्यांवरून, माझ्या छातीतून, आणि बाल्कनीतून खाली पाण्यावर उतरत होती. ज्यांनी ती आखली त्यांच्यासाठी इथे नुसती हवा होती. आणि काकू नऊ वर्षं रोज तिच्यात उभ्या राहून पोळ्या करत होत्या.

मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, खिडकीकडे पाहिलं, बाल्कनीकडे पाहिलं, आणि मग मुलांना म्हणाल्या, "आकृती ठेवा. हे बघा जरा."

मी त्यांच्याकडे एक चादर मागितली. पांढरी नको, इमारत पांढरी आहे. त्यांनी लाल काढली. सोसायटीच्या नियमात बाल्कनीबाहेर कपडे टाकायला बंदी आहे, असं त्या म्हणाल्या, आणि चादर कुठून कुठपर्यंत लांबवायची ते विचारलं. मी फुटपट्टीने खूण करून दिली.

अमावास्येला सकाळी आम्ही वळणाच्या पलीकडे होडी भरली. मासळीचे क्रेट, बर्फ, चार टोपल्या घेऊन चार बायका, कृष्णाबाई पुढे. होडी पाण्यात इतकी बसली की मी बाहेरून दोनदा मोजलं. एक मीटर बारा. साहेब आणि त्यांचे दोन सहायक पायऱ्यांवर छत्री धरून उभे होते. दादूबाबा थांबले होते.

"बारा वाजता पाणी पूर्ण होणार ना?" मी विचारलं. "मग आपण..."

"पूर्ण झाल्यावर होडी बसली तर बसली, उद्यापर्यंत," ते म्हणाले. "चढत्या पान्यात बसली तर पानीच उचलतं. सव्वाअकराला निघायचं."

हे मी हिशेबात धरलंच नव्हतं.

सव्वाअकराला त्यांनी इंजिन चालू केलं. वळण घेतलं, आणि समोर गाव आलं. ड्रम दिसले. इमारत दिसली. चादर दिसली नाही. मी दुर्बीण लावली. अकराव्या मजल्यावर नुसता कठडा होता. खडकाचा पट्टा दोनशे मीटरवर आला होता. दादूबाबांनी वेग कमी केला पण थांबले नाहीत, मागून येणारं भरतीचं पाणी थांबू देत नव्हतं. मी फोन लावला. काकूंनी उचलला नाही. कृष्णाबाईंनी मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागल्या.

मग बाल्कनीत लाल काहीतरी हललं आणि ताणलं गेलं. नंतर कळलं की वॉचमन सेक्रेटरीचा निरोप घेऊन आला होता आणि त्याच्यासमोर चादर काढावी लागली होती. तो गेल्यावर काकूंनी ती कठड्यावर टाकली नाही. नियम बाहेर टाकण्याबद्दल होता. त्यांनी दोन मुलांना स्टुलांवर उभं केलं आणि चादर आतल्या बाजूने हातांत धरायला लावली. मी दिलेल्या खुणांवर.

"ड्रमच्या डावीकडे आहे," मी म्हणाले. "लाल डावीकडे. आपणही डावीकडे आहोत."

"दिसतंय मला," दादूबाबा म्हणाले.

त्यांनी सुकाणू थोडं दाबलं. लाल रंग सरकू लागला. पांढऱ्याच्या जवळ आला, त्याला टेकला, त्याच्यामागे गेला आणि त्याच्या डोक्यावर येऊन थांबला. माझ्या हातातल्या यंत्रावर आकडा होता एक पूर्णांक दोन. मग एक पूर्णांक चार. मग एक पूर्णांक नऊ. आणि तो तिथेच राहिला. एक पूर्णांक नऊ. एक पूर्णांक नऊ. दोन. एक पूर्णांक नऊ. दोन्ही बाजूंना, होडीच्या कडेपासून दीड मीटरवर, पाण्याचा रंग वेगळा होता आणि त्याखाली कालवं होती. इंजिनाचा आवाज होता, आणि मी आकडे वाचत होते, आधी मनात आणि मग मोठ्याने, कारण टोपलीवाल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सुळका दिसत नव्हता, पण मला माहीत होतं की तो आहे, चादरीच्या मागे, मुलांच्या मागे, खिडकीच्या पलीकडे, जिथे वाट कापणाऱ्यांनी तो पाहिला होता तिथेच.

खडक संपला तेव्हा मला कळलं नाही. दादूबाबांना कळलं. त्यांनी सुकाणूवरचा हात सैल केला आणि तळव्याचा घाम लुंगीला पुसला.

होडी पायऱ्यांना लागली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. दोर बांधायची लोखंडी कडी गंजून दगडाला चिकटली होती. दादूबाबांनी ती दगडाने ठोकून सोडवली. बायका क्रेट उतरवू लागल्या. साहेबांनी होडी किती बुडाली आहे ते स्वतः वाकून पाहिलं, माझ्या यंत्रावरचे आकडे पाहिले, मग नकाशा उघडून पायऱ्यांच्या ठिकाणी पेन्सिलने भिंतीची रेघ खोडली.

"फाटक किती रुंद?" त्यांनी मला विचारलं.

मी होडीच्या रुंदीवरून सांगणार होते. पण दादूबाबा ड्रमजवळ जाऊन उभे राहिले होते आणि तिथून खाडीकडे बघत होते.

"साहेब, होडी लहान हाय, ती कशीबी येईल," ते म्हणाले. "भिंत अडीच मीटर. फाटकाचं दार पन तेवढंच असेल. मग पान्यावरून देव दिसायचा नाय."

साहेबांना समजलं नाही. मी समजावलं. पायऱ्यांवर बसूनच मी त्यांना सगळी रेषा काढून दाखवली, डोंगर, घर, दगड, खडक. त्यांच्या सहायकाने घड्याळ दाखवलं, त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"म्हणजे इथे दार नको," ते शेवटी म्हणाले. "जाळी हवी. आरपार दिसणारी. फळ्या पूर येईल तेव्हाच मागे सरकवायच्या." त्यांनी तसं लिहिलं. मग विचारलं, "आणि तो दगड? तो तर तिकडे देवळीत आहे."

कृष्णाबाई टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढत होत्या. त्या थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"मीच नेला होता," दादूबाबा म्हणाले. "मीच आनीन."